व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर

१८८२ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या १९ तारखेस पुण्यांतील एका गृहस्थानें हंटरसाहेबांच्या शिक्षण-कमिशनसाठीं एक लेखी निवेदन तयार केलें. त्या कमिशनपुढें सरकारी अंमलदारांच्या, मिशनऱ्यांच्या आणि नामांकित विद्वानांच्या साक्षी होत होत्या. या निवेदनाखालीं मात्र कोणतीहि विद्यापीठाची पदवी नव्हती. सहीपुढें गृहस्थानें आपली ओळख तीन शब्दांत दिली होती : व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर. राहण्याचें ठिकाण पेठ जुना गंज. हे गृहस्थ म्हणजे जोतीराव गोविंदराव फुले.

मुलींची शाळा काढून त्यांना त्या वेळीं चौतीस वर्षें झालीं होतीं. 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध होऊन नऊ वर्षें लोटलीं होतीं. सत्यशोधक समाजहि तितकाच जुना होता. यांपैकीं कशाचाहि उल्लेख त्यांनीं सहीपुढें केला नाहीं. धंदा आधीं लिहिला, मग शेती, आणि सर्वांत शेवटीं शहराच्या कारभारांतील आपली जागा. हा क्रम सहज पडला असेल. तथापि त्यांच्या सार्वजनिक आयुष्याचें मर्म तोच क्रम सांगतो. जोतीरावांची समाजसुधारक म्हणून कीर्ति सर्वतोमुखीं आहे. परंतु पुणें म्युनिसिपालिटींत ते सुमारें सात वर्षें बसले, आणि तेथें त्यांनीं जें केलें तें समजून घ्यावयाचें तर प्रथम त्यांच्या घराण्याच्या दुकानांत डोकवावें लागतें.

हें घराणें मूळचें सातारा जिल्ह्यांतील कटगुणचें. आडनांव गोऱ्हे. तेथून तें पुरंदराच्या पायथ्याकडील खानवडी गांवीं आलें. जोतीरावांचे आजोबा शेटीबा यांच्या वेळीं घरची स्थिति खालावली, आणि राणोजी, कृष्णा व गोविंदा या तिन्ही मुलांना पोटासाठीं पुण्याची वाट धरावी लागली. तेथें एका फुलमाळ्याच्या हाताखालीं ते धंदा शिकले. गजरे गुंफणें, हार करणें, फुलांच्या गाद्या रचणें यांत त्यांनीं असा हात मिळविला कीं, पेशव्यांच्या वाड्यांत त्यांचा माल जाऊं लागला. कारागिरीवर खूष होऊन दरबारानें त्यांना सुमारें पस्तीस एकर जमीन इनाम दिली. गोऱ्हे हें नांव मागें पडलें आणि लोक त्यांना फुले म्हणूं लागले. धंद्यानेंच घराण्याला नवें नांव दिलें.

परंतु दरबाराचा आश्रय म्हणजे दुपारची सावली. १८१८ सालीं पेशवाई संपली. इनामाची जमीन थोरल्या भावाकडेच राहिली. धाकटे गोविंदराव फुलांच्या व भाजीपाल्याच्या दुकानावर आणि थोड्या शेतमळ्यावर संसार चालवूं लागले. त्याच घरांत १८२७ सालीं जोतीराव जन्मले. वर्षाचे होण्याच्या आंतच त्यांची आई चिमणाबाई वारली, आणि सगुणाबाई क्षीरसागर या बाईंनीं त्यांना आईच्या मायेनें वाढविलें.

भाजीच्या दुकानांत वाढणाऱ्या मुलाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाहीं. सकाळीं टवटवीत असलेली जुडी संध्याकाळीं अर्ध्या किंमतीला जाते, आणि रात्रीं गुरांपुढें पडते. शेतांतील कष्ट, डोक्यावरची पाटी, बाजारांतील बसण्याचें देणें आणि शेवटीं हातांत उरलेला आणा यांचा परस्परसंबंध तो डोळ्यांनीं पाहतो. पुस्तकांतील अर्थशास्त्राला हें ठाऊक नसतें असें नाहीं. पण पुस्तकांत त्याचा घाम दिसत नाहीं.

जोतीरावांचें शिक्षण मध्येंच तुटलें. माळ्याच्या मुलाला शिकून काय करावयाचें, या विचारानें वडिलांनीं त्यांना शाळेतून काढलें व मळ्यांत घातलें. शेजारचे मुनशी गफार बेग आणि लिजिटसाहेब यांनीं गोविंदरावांचें मन वळविलें, तेव्हां १८४१ सालीं वयाच्या चौदाव्या वर्षीं मुलगा स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेंत दाखल झाला. तेथील अभ्यास १८४७ सालीं पुरा झाला, आणि पुढच्याच वर्षीं भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा निघाली. या कार्यामुळें वडिलांचें घर सोडण्याची पाळी जोतीराव व सावित्रीबाई यांच्यावर आली, ही हकीकत महाराष्ट्राला परिचित आहे.

तितकी परिचित नसलेली गोष्ट अशी कीं, घर सोडलेल्या माणसाला चरितार्थ चालवावा लागतो. सरकारी नोकरी पत्करली तर तोंड बांधलें जाणार, आणि देणग्यांवर जगावें तर देणाऱ्याची मर्जी राखावी लागणार. जोतीरावांनीं बापजाद्यांचा मार्ग धरला. ते व्यापारांत उतरले. १८६३ सालीं त्यांनीं धातूंच्या ओतकामाला लागणारें साहित्य पुरविण्याचा धंदा सुरू केला. सरकारी बांधकामांचीं कंत्राटें घेतलीं. कात्रजच्या बोगद्याला आणि येरवड्याच्या तुरुंगाच्या बांधकामाला त्यांनीं मजूर पुरविले. पुढें १८७० नंतरच्या दशकांत पुण्याजवळ धरणाचें मोठें काम चाललें असतां त्याला लागणारा माल पुरविला. मांजरी येथें त्यांची सुमारें साठ एकर शेती होती. त्या काळच्या मानानें ही संपन्न स्थिति म्हणावी लागेल.

या धंद्यानें त्यांना पैसा दिला, आणि त्याहून मोलाची एक दृष्टि दिली. सार्वजनिक कामावर मंजूर झालेला रुपया मजुराच्या हातीं पोंचेपर्यंत कोठें कोठें झिजतो, हें कंत्राटदाराला जितकें कळतें तितकें कोणा संपादकाला किंवा वकिलाला कळत नाहीं. मोजमाप घेणारा कारकून, बिलावर सही करणारा अंमलदार, मधला मुकादम यांची साखळी त्यांनीं जवळून पाहिली. म्हणूनच १८७३ सालच्या 'गुलामगिरी'त इंजिनियर खात्यांतील कामगारांच्या लुटीवर एक स्वतंत्र पवाडा आला. धर्म आणि इतिहास यांची चर्चा करणाऱ्या ग्रंथांत बांधकाम खात्याचा पवाडा कसा, असें कोणास वाटेल. लिहिणारा स्वतः त्या खात्याशीं व्यवहार करणारा होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे नवल उरत नाहीं.

कमावलेल्या पैशाचा विनियोगहि तितकाच बोलका आहे. १८६३ सालींच त्यांनीं फसलेल्या विधवांसाठीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. १८६८ सालीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना मोकळा केला. शहराच्या कारभारांत शिरण्यापूर्वीं आठ वर्षें जोतीरावांनीं पाण्याचा प्रश्न स्वतःच्या अंगणांत सोडविला होता. सार्वजनिक पाणी सर्वांचें असावें असें सांगण्याचा अधिकार त्यांनीं अशा रीतीनें आधीं मिळविला.

१८७६ सालीं सरकारनें त्यांना पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद नेमलें. १८८३ पर्यंत ते त्या जागेवर होते. ही म्युनिसिपालिटी १८५७ सालीं स्थापन झालेली. त्या वेळचे सभासद लोकांनीं निवडलेले नसत. सरकार त्यांची नेमणूक करी. सरदार, सावकार, पेन्शनर, मोठे व्यापारी अशा वजनदार लोकांना हा मान मिळे. नेमणुकीच्या जागेचा एक अलिखित धर्म असतो. ज्याच्या हातून मान मिळाला त्याच्या मताविरुद्ध हात वर करावयाचा नाहीं, हा तो धर्म. शिवाय जोतीराव सरकारी कंत्राटदार होते. गप्प बसण्यास त्यांना इतरांपेक्षां एक कारण अधिकच होतें.

त्यांच्या नेमणुकीच्या वेळीं दक्षिणेंत भयंकर दुष्काळ पडला होता. १८७६-७७ च्या त्या दुष्काळांत खेड्यापाड्यांतून उपाशी माणसें पुण्याकडे येऊं लागलीं. जोतीरावांनीं सत्यशोधक समाजाच्या वतीनें धनकवडी येथें निराधार मुलांसाठीं अन्नछत्र उघडलें, आणि मे १८७७ मध्यें मदतीसाठीं विनंतीपत्रक काढलें. शहराचे कारभारी शहराच्या वेशीपुरतें पाहतात. जोतीरावांची नजर वेशीबाहेर गेली, कारण वेशीबाहेरचीं माणसें त्यांच्या रोजच्या व्यवहारांतलीं होतीं. भाजी आणणारा, दगड फोडणारा, धरणावर टोपली वाहणारा मनुष्य बाहेरूनच येत होता.

म्युनिसिपालिटींतील त्यांचीं तीन कामें विशेष ध्यानांत ठेवण्यासारखीं आहेत. पहिलें दारूच्या दुकानांविषयीं. पूर्वीं शहराच्या कडेला असलेलीं हीं दुकानें हळूहळू वस्तींत घुसूं लागलीं होतीं. १८८० च्या जुलै महिन्यांत जोतीरावांनीं म्युनिसिपालिटीच्या व्यवस्थापक मंडळाचे हंगामी अध्यक्ष प्लंकेट यांस पत्र लिहून या गोष्टीला हरकत घेतली. दारूमुळें शहराची नीति बिघडते व घरेंच्या घरें धुळीस मिळतात, हें त्यांनीं दाखविलें. अबकारीचें उत्पन्न सरकारच्या तिजोरींत जाई. उद्ध्वस्त घरांचा भार मात्र शहरावर पडे. दुकानदाराच्या पोटीं जन्मलेल्या माणसाला हा जमाखर्च चटकन् दिसला यांत आश्चर्य नाहीं.

दुसरें काम त्याच वर्षाचें. व्हाइसरॉयांची स्वारी पुण्यास येणार म्हणून शहर सजविण्यासाठीं व मानपत्रासाठीं एक हजार रुपये खर्च करावे असा ठराव म्युनिसिपालिटीपुढें आला. सभासद बत्तीस. ठराव सरकारच्या प्रतिष्ठेचा. जोतीरावांनीं सुचविलें कीं, ही रक्कम शहरांतील गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावी. ठरावाविरुद्ध मत एकट्या जोतीरावांचें पडलें.

हजार रुपये म्हणजे किती? दोन वर्षांनीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं प्राथमिक शिक्षकाला दरमहा निदान बारा रुपये पगार असावा अशी मागणी केली. त्या हिशेबानें एका शिक्षकाचा वर्षाचा पगार एकशें चव्वेचाळीस रुपये होतो. कमानी, पताका आणि मानपत्र यांवर जाणाऱ्या रकमेंत जवळजवळ सात शिक्षकांचें वर्षभराचें वेतन भागलें असतें. पाहुण्याचा अपमान करावा हा त्या मतामागील हेतु नव्हता. ज्या पैशाचा मालक सभागृहांत हजर नाहीं, तो पैसा उधळण्यापूर्वीं त्या मालकाची आठवण करून देणें एवढेंच तें मत होतें.

तिसरें काम मंडईचें. पुण्याची भाजी त्या वेळीं शनिवारवाड्यापुढील उघड्या मैदानावर विकली जाई. ऊन, पाऊस, चिखल यांत विकणारे व घेणारे सारखेच हैराण होत. म्हणून भव्य दगडी मंडई बांधण्याची योजना निघाली. कांहीं लाखांचा खर्च होता. जोतीरावांनीं या योजनेला विरोध केला. इतका पैसा इमारतींत घालण्यापेक्षां तो शिक्षणाकडे लावावा, हेंच त्यांचें म्हणणें होतें. येथेंहि त्यांचें कांहीं चाललें नाहीं. मंडई उभी राहिली, १८८६ सालीं उघडली, आणि त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव तिला मिळालें.

मंडईच्या बाबतींत एक प्रश्न टाळतां येत नाहीं. जोतीराव स्वतः भाजीवाल्याचे पुत्र. माळ्यांच्या टोपल्यांना सावली मिळणार होती. मग त्यांनींच विरोध कां करावा? शिवाय मंडईची उपयुक्तता काळानें सिद्ध केली आहे. अष्टकोनी मनोऱ्याच्या त्या इमारतीनें पुणेकरांच्या कित्येक पिढ्यांचा बाजार सांभाळला. तेव्हां या बाबतींत जोतीरावांचा अंदाज चुकला, असें म्हणणाऱ्याला अगदींच खोडून काढतां येणार नाहीं. परंतु त्यांच्यापुढील प्रश्न मंडई हवी कीं नको एवढाच नव्हता. आधीं काय हवें, हा होता. घरांत एकच रुपया असतां ओसरीचें छप्पर करावें कीं मुलाला शाळेंत घालावें, असा प्रसंग गरीब बापावर येतो. छप्पर निरुपयोगी असतें असें नाहीं. पण छपराखालीं बसणारा मुलगा अक्षरशून्य राहिला, तर त्या छपराच्या भाड्याची पावतीहि दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते. जोतीरावांच्या वडिलांपुढें हाच प्रसंग आला होता, आणि त्यांनीं एकदां मुलाला शाळेतून काढलेंहि होतें. त्या तीन वर्षांची किंमत मुलाला आयुष्यभर ठाऊक होती.

आतां पुन्हां १८८२ च्या त्या निवेदनाकडे वळलें म्हणजे सहीपुढील तीन शब्दांचा अर्थ उलगडतो. सरकारच्या तिजोरींतील मोठा भाग कष्टकरी रयतेच्या श्रमांतून येतो, आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या पदरांत पडतो, ही तक्रार व्यापाऱ्याची आहे. ती जमाखर्चाची तक्रार आहे. मुलांना निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें असावें, शिक्षक शक्य तर शेतकरीवर्गांतील असावे, कारण ते रयतेच्या मुलांत मिसळतील, ही सूचना शेतकऱ्याची आहे. आणि मोठ्या शहरांतील म्युनिसिपालिट्यांनीं आपल्या हद्दींतील प्राथमिक शाळांचा सारा खर्च सोसावा, पण शाळांचा कारभार सर्वस्वी त्यांच्या हातीं देऊं नये, हें सांगणारा म्युनिसिपल कमिशनर आहे. सहा वर्षें त्याच सभागृहांत बसलेला सभासद आपल्याच संस्थेविषयीं असें सांगतो, तेव्हां त्यामागें अनुभव किती असेल याची कल्पना करावी. बत्तीसांत एकटा पडलेला हात तो विसरला नव्हता.

पुढच्याच वर्षीं, १८८३ मध्यें, त्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. त्यांत धरणें व कालवे यांचा विषय निघाला आहे. कालव्याच्या पाण्याचा पैसा शेतकऱ्याकडून वसूल होतो. परंतु पाणी मापानें व वेळेवर मिळतें कीं नाहीं हें कोणी पाहत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. त्यावर त्यांनीं सुचविलेला उपाय मोठा व्यवहारी आहे. प्रत्येक शेतकऱ्याच्या जमिनीच्या मानानें एकेक तोटी बसवावी, म्हणजे गरजेपेक्षां अधिक पाणी कोणी घेणार नाहीं व कोणी उपाशी राहणार नाहीं. लहानमोठे बांध घालून पावसाचें पाणी जमिनींत मुरवावें, हेंहि त्यांनीं सांगितलें आहे. धरणाला माल पुरविणारा कंत्राटदार, कालव्याच्या प्रदेशांतील शेतकरी आणि शहराचा कारभारी हे तिघे एका देहांत नांदत असल्यावांचून ही तोटी कोणाला सुचली नसती.

सभासदत्व संपल्यावरहि त्यांचा बाणा तोच राहिला. १८८८ च्या मार्च महिन्यांत त्यांचे स्नेही हरि रावजी चिपळूणकर यांनीं ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. मंडळी जरीच्या पोषाखांत व दागिन्यांनिशीं आली होती. जोतीराव शेतकऱ्याच्या वेषांत गेले, आणि राजपुत्राला त्यांनीं बजावलें कीं, येथें जमलेल्या भरजरी मंडळींवरून हिंदुस्थानची पारख करूं नये. खरा देश पाहावयाचा तर जवळच्या खेड्यांत जावें. त्याच वर्षाच्या ११ मे रोजीं मुंबईस लोकांनीं त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली. ती कोणा सरकारनें दिलेली नव्हती.

शेवटचीं वर्षें हलाखींत गेलीं. १८८८ सालीं अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात निकामी झाला. तेव्हां डाव्या हातानें लिहीत त्यांनीं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरें केलें. एके काळचा संपन्न कंत्राटदार आतां औषधपाण्यालाहि महाग झाला होता. मामा परमानंदांना हें पाहवलें नाहीं, आणि १८९० सालीं त्यांनीं बडोद्याचे सयाजीराव महाराज यांस पत्र लिहून जोतीरावांच्या कार्याची व विपन्नावस्थेची जाणीव करून दिली. त्याच वर्षीं २८ नोव्हेंबरला जोतीराव गेले. सार्वजनिक पैशाला जपणाऱ्या या गृहस्थानें स्वतःचा पैसा मात्र कधीं जपला नव्हता. सावित्रीबाई पुढें सहा वर्षांहून अधिक काळ झटल्या, आणि १८९७ च्या प्लेगांत रोग्यांची शुश्रूषा करतांना त्याच रोगानें त्यांचा अंत झाला.

म्युनिसिपालिटींतील जोतीरावांची कारकीर्द आंकड्यांनीं मोजली तर हातीं फारसें लागत नाहीं. मानपत्राचा ठराव मंजूर झाला, मंडई बांधली गेली. परंतु कारभारांत केवळ यश मोजावयाचें नसतें. सभागृहांत कोणता प्रश्न विचारला गेला हेंहि मोजावयाचें असतें. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर स्थानिक संस्थांत लोकनियुक्त सभासद येऊं लागले. मतें मागणाऱ्यांची गर्दी झाली. मतदारानें न नेमतांहि मतदाराची बाजू राखणारा सभासद कसा असतो, याचा वस्तुपाठ त्यापूर्वींच जुन्या गंज पेठेंतील एका व्यापाऱ्यानें घालून दिला होता.

लॉर्ड रे यांचें नांव मंडईवर फार काळ टिकलें नाहीं. पुढें आचार्य अत्रे पुणें म्युनिसिपालिटींत असतांना तिचें नांव बदललें, आणि जिला जोतीरावांनीं विरोध केला ती इमारत 'महात्मा फुले मंडई' झाली. भाजीवाल्याच्या मुलाचें नांव भाजीच्या बाजाराला मिळालें, यांत एक प्रकारचें औचित्य आहेच. परंतु त्या मनोऱ्याखालून पिशवी भरून घरीं परततांना पुणेकरानें इतकें आठवावें कीं, ज्याचें हें नांव आहे त्याला ही इमारत नको होती. त्याला तिच्याआधीं शाळा हवी होती.